पहिल्या क्रमांकाचा चाकर

गेल्या पावसाळ्यांत आमच्या महाविद्यालयाच्या इतिहास-विभागांत एक क्षुल्लक प्रसंग घडला. विभागांत एक जुना संगणक आहे. जुन्या कागदपत्रांच्या छायाप्रती त्यांत साठविलेल्या आहेत, आणि रोज रात्रीं त्यांची एक नक्कल दुसऱ्या ठिकाणीं आपोआप जाऊन पडावी अशी व्यवस्था आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें करून दिली होती. या संगणकावर लिनक्स नांवाची, मोल न देतां मिळणारी व कोणासहि उघडून पाहतां येणारी प्रणाली चालते. तिची नवी आवृत्ति चढविल्यावर पंधरा दिवसांनीं लक्षांत आलें कीं, नक्कल मुळीं होतच नव्हती. विद्यार्थ्यास बोलावून आणलें. त्यानें थोडा वेळ पाहिलें आणि म्हणाला, “सर, प्रोग्रॅम जागेवर आहे, त्याला लागणारें सगळें सामानहि आहे. फक्त त्याला उठवणारी जी स्क्रिप्ट होती, ती नव्या आवृत्तींत दिलेलीच नाहीं.”

ती स्क्रिप्ट कोणीं काढली, कां काढली, आणि ती ठेवण्याची जबाबदारी मुळांत कोणाची, असे तीन प्रश्न मीं त्यास विचारले. उत्तर ऐकतां ऐकतां दोन तास गेले, आणि पुढें त्या उत्तराचा माग काढतां काढतां दिवाळीची सुटी संपली. ज्यास तो विद्यार्थी ‘इनिटचा वाद’ म्हणत होता, त्याच्या मागें पन्नास वर्षांचा इतिहास आहे. स्वातंत्र्य, सोय, बहुमत आणि श्रम यांचे परस्परांशीं जे संबंध त्यांत उघडे पडतात, ते यंत्रविद्येशीं परिचय नसलेल्या माणसासहि विचार करावयास लावतील असे आहेत. म्हणून तो येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम या ‘इनिट’ची ओळख करून घेऊं. संगणकाची कळ दाबली म्हणजे प्रणालीचा गाभा, ज्यास कर्नल म्हणतात, तो आधीं जागा होतो. यंत्राचे अवयव सांभाळणें, स्मृति वांटून देणें, एका वेळीं चालणाऱ्या अनेक कामांना पाळीपाळीनें वेळ देणें, हें त्याचें काम. त्यापलीकडील घरगुती व्यवस्था तो स्वतः पाहात नाहीं. तो एकच प्रोग्रॅम सुरू करतो, त्यास १ हा क्रमांक देतो, आणि पुढचें सर्व त्याच्यावर सोंपवितो. या पहिल्या क्रमांकाच्या चाकराचें परंपरागत नांव इनिट. जाळें जोडणारा, घड्याळ जुळविणारा, छपाई पाहणारा, अशा बाकीच्या सर्व चाकरांस तो उठवितो. ज्यांचे उठविणारे मध्येंच नाहींसे होतात, त्या पोरक्या कामांचें पालकत्वहि रीतीप्रमाणें त्याच्याकडे येतें. तो स्वतः मेला तर कर्नल सारें यंत्रच थांबवितो. अशा चाकराच्या नेमणुकीवरून भांडणें व्हावींत यांत नवल नाहीं.

दुसरा समजून घ्यावयाचा शब्द ‘अवलंबन’. लिनक्सच्या जगांत प्रोग्रॅम पॅकेजच्या रूपानें येतो. पॅकेज म्हणजे प्रोग्रॅम, त्याचें साहित्य, आणि त्यास आणखी कोणकोणतीं पॅकेजें लागतात त्यांची यादी. हें झालें सामानाचें अवलंबन. याहून निराळें असें एक क्रमाचें अवलंबन असतें. कांदेपोहे करावयाचे तर घरांत पोहे, कांदा, तेल व मोहरी पाहिजेत, ही झाली यादी. परंतु मोहरी तडतडल्यावर कांदा, आणि कांदा परतल्यावर पोहे, हें ज्ञान यादींत नसतें. यादी वाण्याच्या दुकानांत पाठवितां येते. कृति करणाराच्या डोक्यांत असावी लागते. प्रोग्रॅम कसा, केव्हां व कोणाच्या मागून सुरू करावयाचा ही जी कृति, तिचें लेखी रूप म्हणजे आरंभाची स्क्रिप्ट. आमच्या संगणकावर वाणसामान भरलेलें होतें. कृतीचा कागद हरवला होता. पुढील इतिहास या दोन अवलंबनांच्या गुंतागुंतीचा आहे.

अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं केन टॉम्प्सन, डेनिस रिची व त्यांचे सहकारी यांनीं युनिक्स प्रणालीस आरंभ केला. १९७१ सालच्या तिच्या पहिल्या मार्गदर्शिकेंत इनिटचें नांव आलेलें आहे. त्या काळीं उठवावयाचे चाकर मोजके असत. एका फाइलींत आज्ञा एकाखालीं एक लिहिल्या कीं काम भागे. पुढें चाकर वाढले. ए. टी. अँड टी. कंपनीनें १९८३ सालीं बाजारांत आणलेल्या सिस्टम फाइव्ह या शाखेच्या परंपरेंत प्रत्येक सेवेची स्क्रिप्ट निराळी ठेवण्याची, आणि नांवामागें दोन अंकी क्रमांक लावून अनुक्रम ठरविण्याची पद्धति रूढ झाली. १० क्रमांकाची स्क्रिप्ट आधीं, २० ची नंतर, ९९ ची सर्वांच्या शेवटीं. पद्धति साधी होती, आणि तिच्यांत एक मोठें व्यंगहि होतें. २० च्या आधीं १० कां, याचें कारण त्या क्रमांकांत कोठेंच लिहिलेलें नसे. तें कारण ज्यानें क्रमांक दिला त्याच्या स्मरणांत असे, आणि तो गेला म्हणजे कारणहि जात असे. जुन्या वाड्यांत ‘हें दार उघडावयाचें नाहीं’ एवढीच आज्ञा उरावी आणि कारण कोणासच ठाऊक नसावें, तसाच हा प्रकार.

फिनलंडमधील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्सचा कर्नल प्रसिद्ध केला. मिकेल फान स्मोरेनबुर्ग या डच गृहस्थांनीं त्याकरितां सिस्टम फाइव्हच्या धर्तीवर इनिट लिहिला, आणि दीर्घ काळ बहुतेक ठिकाणीं तोच नांदला. कर्नल एकटा कोणाच्या उपयोगाचा नसतो. त्याजबरोबर हजारों पॅकेजें जमवून, एकमेकांशीं जुळवून लोकांच्या हातीं देणारी संस्था लागते. अशा संग्रहास वितरण म्हणतात. त्यांपैकीं डेबियन हें वितरण इयन मर्डॉक यांनीं ऑगस्ट १९९३ मध्यें स्थापन केलें. डेब्रा हें त्यांच्या तेव्हांच्या मैत्रिणीचें आणि इयन हें स्वतःचें, अशीं दोन नांवें जोडून संस्थेचें नांव झालें. डेबियनचे कार्यकर्ते जगभर विखुरलेले स्वयंसेवक आहेत. त्यांनीं १९९८ सालीं लेखी घटना करून घेतली. मतभेद झाल्यास तांत्रिक समितीनें निवाडा द्यावा, आणि त्यावरहि समाधान न झाल्यास सर्व सभासदांनीं मतदान करावें, अशी तिच्यांत तरतूद आहे.

पॅकेजांच्या यादीविषयीं डेबियनची शिस्त पहिल्यापासून करडी होती. अमुक पॅकेज अवश्य पाहिजे, अमुकाची शिफारस आहे, अमुक असल्यास बरें, अमुकाशीं मुळींच जमत नाहीं, अशा पायऱ्या तीत स्पष्ट केलेल्या असतात. परंतु क्रमाच्या बाबतींत तेंच वितरण वर्षानुवर्षें क्रमांकांवर विसंबून होतें. आणि क्रमाविषयीं ज्याला विशेष कांहीं म्हणावयाचें नसे, अशा प्रत्येक सेवेस सरसकट २० हा क्रमांक मिळे. सामानाची वही चोख, आणि स्वयंपाकाची कृति सांगोवांगी, अशी ही स्थिति होती.

ती सुधारण्याचे प्रयत्न अनेकांनीं केले. बर्कलेच्या परंपरेंतील नेटबीएसडी या प्रणालीनें २००० सालच्या आवृत्तींत क्रमांक टाकून दिले. प्रत्येक स्क्रिप्टच्या माथ्यावर ‘मी हें पुरवितें, मला तें लागतें’ अशा दोन ओळी लिहावयाच्या, आणि त्यांवरून एका लहानशा प्रोग्रॅमनें क्रम काढावयाचा, अशी योजना तिनें केली. लिनक्सच्या वितरणांसाठीं ठरलेल्या सामायिक नियमांतहि अशा ओळी आल्या, व फेब्रुवारी २०११ मध्यें निघालेल्या आपल्या सहाव्या आवृत्तींत डेबियननें त्यांवरून क्रम ठरविण्यास आरंभ केला. जेंटू वितरणाच्या परिवारांत रॉय मार्पल्स यांनीं २००७ सालीं ओपनआरसी सिद्ध केलें. त्यांत स्क्रिप्टला ‘याच्यावांचून माझें चालणारच नाहीं’, ‘हा येणार असल्यास त्याची सोबत घेईन’ आणि ‘मला याच्या मागून उठवा’ असे निरनिराळे भाव व्यक्त करतां येतात. डॅनियल बर्नस्टाइन यांच्या कल्पनेवर गेरिट पापे यांनीं रचलेल्या रनिट या इनिटानें तर क्रमाचा प्रश्नच निराळ्या रीतीनें सोडविला. तो सर्व चाकरांस एकदमच उठवितो. ज्याचें सामान अजून तयार नसेल तो परत पडतो, आणि रनिट त्यास क्षणभरानें पुन्हां उठवितो. असें करतां करतां सर्व घर उभें राहतें. उबंटू वितरणानें २००६ सालीं आणलेला अपस्टार्ट अमुक घटना घडली कीं अमुक सेवा सुरू करावी, अशा न्यायानें चाले. प्रश्न एक आणि उत्तरें अनेक, अशी ही स्थिति निदान विचारांच्या जिवंतपणाची खूण होती.

३० एप्रिल २०१० रोजीं रेड हॅट कंपनींत काम करणाऱ्या लेनार्ट पोटरिंग यांनीं एक दीर्घ निबंध प्रसिद्ध करून नव्या इनिटची घोषणा केली. हाच सिस्टम-डी. केय सीव्हर्स त्यांचे प्रमुख सहकारी होते. पुढें या प्रोग्रॅमावर इतका राग काढण्यांत आला कीं, त्याचे गुण सांगणें हें इतिहासकाराचें पहिलें कर्तव्य होऊन बसलें आहे. त्याची पहिली युक्ति ॲपल कंपनीच्या २००५ सालच्या लाँच-डी वरून घेतलेली होती, आणि तें ऋण पोटरिंग यांनीं मोकळेपणीं मान्य केलें. प्रत्येक सेवेची जणूं एक टपालपेटी असते. ती पेटी चाकर उठण्यापूर्वींच दाराशीं टांगून ठेवावी. म्हणजे कोणीं पत्र टाकलें तर तें पेटींत पडून राहील, आणि चाकर उठल्यावर वाचील. असें केल्यानें कोणी आधीं व कोणी मागून उठण्याची पुष्कळशी गरजच उरत नाहीं, व सर्वांस एकदम उठवितां येतें. दुसरा गुण असा कीं, ‘मला अमका पाहिजे’ आणि ‘मी अमक्याच्या मागून उठेन’ हीं दोन विधानें त्यानें स्वतंत्र ओळींत लिहावयास लाविलीं. गरज आणि क्रम यांचा घोळ त्यामुळें मिटला. तिसरा गुण सर्वांत व्यावहारिक होता. पूर्वीं एकाच प्रोग्रॅमची स्क्रिप्ट प्रत्येक वितरणांत निराळी लिहावी लागे. सिस्टम-डीसाठीं लागणारें टिपण थोड्या ओळींचें असून सर्वत्र तेंच चालतें. सबब प्रोग्रॅमच्या कर्त्यानेंच तें एकदां लिहून द्यावें, आणि वितरणाच्या कार्यकर्त्यांनीं त्या कामांतून सुटावें, हें शक्य झालें. ज्यांनीं वर्षानुवर्षें फुकट श्रम केले होते, त्यांस या सुटकेचें मोल केवढें वाटलें असेल याची कल्पना करावी. मे २०११ मध्यें फेडोरा, त्याच वर्षीं ओपनसूसे, पुढील वर्षीं आर्च, असा सिस्टम-डीचा प्रसार झाला.

परंतु त्याच वेळीं दुसरी एक गोष्ट घडत होती. यंत्रास नवा अवयव जोडला गेल्यास तो ओळखून नांव देणारा यूडेव्ह हा प्रोग्रॅम पूर्वीं स्वतंत्र होता. एप्रिल २०१२ मध्यें तो सिस्टम-डीच्या मूळ संग्रहांत विलीन झाला. यंत्रासमोर कोण बसला आहे, त्यास काय करण्याचा अधिकार आहे, याची नोंद ठेवणारें कन्सोलकिट मागें पडलें, आणि तें काम सिस्टम-डीच्या लॉगिन-डी या भागाकडे आलें. गनोम या चित्रमय पडद्याच्या कर्त्यांनीं लॉगिन-डीचा आधार घेतला. आणि २०१३ सालीं लॉगिन-डीचें काम पहिल्या क्रमांकावर स्वतः सिस्टम-डी असल्यावांचून चालेनासें झालें. प्रत्येक पाऊल टाकणारास आपलें कारण होतें, आणि तें कारण बहुधा रास्तहि होतें. तथापि साखळी अशी झाली कीं, वापरणारानें एक पडदा मागवावा आणि त्याच्या सामानाच्या यादीनें घरचा पहिला चाकरच बदलावा. इनिट निवडण्याचा अधिकार कोणीं काढून घेतला नव्हता; परंतु सामानाच्या अवलंबनानें क्रमाच्या अवलंबनास वेढून टाकिलें होतें.

ऑक्टोबर २०१३ मध्यें हा प्रश्न डेबियनच्या तांत्रिक समितीपुढें आला. ७२७७०८ हा त्या तक्रारीचा क्रमांक त्या जगांत आपल्याकडील एखाद्या गाजलेल्या खटल्याप्रमाणें लोकांच्या ध्यानांत राहिला आहे. महिनोनमहिने युक्तिवाद चालला. समितींत आठ सभासद होते. चौघांचा कौल सिस्टम-डीस पडला व चौघांचा अपस्टार्टास. ११ फेब्रुवारी २०१४ रोजीं अध्यक्ष बडेल गार्बी यांनीं आपलें निर्णायक मत सिस्टम-डीच्या पारड्यांत टाकलें. तीनच दिवसांनीं उबंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनीं डेबियनच्या मागोमाग आपणहि सिस्टम-डी स्वीकारूं असें जाहीर केलें. म्हणजे अपस्टार्ट ज्या घरीं जन्मला त्याच घरीं पोरका झाला.

वाद मात्र शमला नाहीं. इयन जॅक्सन यांनीं सर्व सभासदांपुढें असा ठराव आणला कीं, कोणत्याहि पॅकेजनें एखादा विशिष्ट इनिट पहिल्या क्रमांकावर असलाच पाहिजे अशी अट घालूं नये. हे जॅक्सन म्हणजे डेबियनच्या पॅकेज-व्यवस्थेच्या प्रमुख कर्त्यांपैकीं एक, आणि संस्थेच्या घटनेचे लेखक. ज्यांनीं अवलंबनाची वही घालून दिली, त्यांनाच तिच्या पसाऱ्याची भीति वाटावी, हा योगायोग लक्षांत ठेवण्यासारखा आहे. नोव्हेंबर २०१४ मध्यें मतदान झालें, आणि या बाबतींत ठरावाची मुळीं आवश्यकताच नाहीं, या पर्यायास जय मिळाला. त्याच महिन्यांत जॅक्सन, कॉलिन वॉटसन व रस ऑलबेरी यांनीं तांत्रिक समितीचे राजीनामे दिले. यांतील ऑलबेरी हे जिंकलेल्या बाजूचे. जोई हेस या जुन्या कार्यकर्त्यानें डेबियनच सोडलें. जिंकलेले व हरलेले दोघेहि सारखेच थकून घरीं जावेत, अशीं भांडणें आपण आपल्याहि संस्थांत पाहिलेलीं आहेत.

२७ नोव्हेंबर २०१४ रोजीं कांहीं असंतुष्ट मंडळींनीं डेव्हुआन या नांवानें निराळी चूल मांडल्याचें जाहीर केलें. डेबियनचीं पॅकेजें घ्यावयाचीं, ज्यांच्या यादींत सिस्टम-डीची अट आहे तीं तेवढीं दुरुस्त करावयाचीं, आणि बाकीचीं जशींच्या तशीं द्यावयाचीं, हा त्यांचा संकल्प. संकल्पास एक दिवस पुरला. पहिली पक्की आवृत्ति निघावयास २५ मे २०१७ उजाडला. डेबियनची तिच्या जोडीची आवृत्ति एप्रिल २०१५ मध्येंच बाहेर पडली होती. दोन वर्षांचें हें अंतर म्हणजे स्वातंत्र्याच्या किमतीचा पहिला हिशेब होय.

मला या इतिहासांत सर्वांत बोधप्रद वाटतें तें डेबियनचें दुसरें मतदान. डिसेंबर २०१९ मध्यें तेव्हांचे अध्यक्ष सॅम हार्टमन यांच्या पुढाकारानें प्रश्न पुन्हां सभासदांपुढें आला. अनेक मसुदे होते. अनेक इनिटांस आधार देणें सर्वांवर बंधनकारक करावें, असाहि एक होता. जो मसुदा निवडून आला त्याचा भावार्थ असा: सेवा कशी सुरू करावी हें सांगण्यासाठीं सिस्टम-डीचें टिपण हीच पसंतीची रीत समजावी, इतर पर्यायांचा शोध घेण्यास डेबियनमध्यें जागा राहील, मात्र त्यासाठीं लागणारे श्रम ज्यांना तो शोध घ्यावयाचा आहे त्यांनींच पुरवावेत. यांत कोणावर बंदी नाहीं, आणि कोणास आश्वासनहि नाहीं. स्वयंसेवकांच्या संस्थेंत याहून प्रामाणिक ठराव होणें कठीण. कारण जो फुकट काम करतो त्यास ‘तूं हेंहि कर’ असें बहुमतानें सांगतां येत नाहीं.

परिणाम हळूहळू दिसूं लागला. ज्या स्क्रिप्टा कोणी वापरीत नाहीं, ज्यांची परीक्षा घेण्यास आपल्याजवळ जुना इनिट नाहीं, त्या सांभाळण्यांत पॅकेजच्या पालकांस स्वारस्य उरलें नाहीं. कित्येकांनीं त्या काढून टाकल्या. तेव्हां अल्पमतांतील मंडळींनीं अशा टाकून दिलेल्या स्क्रिप्टा गोळा करून एकाच पॅकेजमध्यें ठेवण्यास प्रारंभ केला. त्या पॅकेजच्या नांवांतच ‘अनाथ’ हा शब्द आहे. अनाथाश्रमांत सर्वच मुलें पोंचतात असें नाहीं; आमच्या विभागांतील ती स्क्रिप्ट तेथें पोंचली नव्हती. माझ्या तीन प्रश्नांचें उत्तर तें हेंच. ती काढणाराचा कांहीं दोष नव्हता, आणि ती ठेवण्याची जबाबदारी कोणाचीहि नव्हती.

इतरत्र निरनिराळ्या युक्त्या निघाल्या. लॉगिन-डीचा भाग सिस्टम-डीपासून कापून स्वतंत्र चालेल असा इलॉगिन-डी ग्विक्स प्रणालीच्या परिवारांत २०१५ सालीं अँडी विंगो यांनीं सिद्ध केला. डेबियनच्या याद्यांतहि एक सोय झाली. ‘लॉगिन-डीच पाहिजे’ असें न लिहितां ‘लॉगिन-डीचें काम करणारा कोणीहि चालेल’ असें पॅकेजला लिहितां येऊं लागलें. एका शब्दाच्या या फरकानें एक बंद दार उघडतें. परंतु हजारों याद्यांत तो फरक कोणी तरी बसून करावा लागतो. आर्टिक्स वितरणानें २०१७ पासून सेवेचा प्रोग्रॅम व त्याची स्क्रिप्ट यांचीं पॅकेजेंच वेगळीं केलीं: प्रोग्रॅम एक, आणि ओपनआरसी, रनिट, एस-सिक्स व डिनिट या प्रत्येक इनिटासाठीं त्याची स्क्रिप्ट निराळ्या पॅकेजमध्यें. सामान व कृति यांतील भेद इतक्या स्पष्टपणें क्वचितच कोठें मांडलेला असेल. पण एका कृतीऐवजीं चार कृति सांभाळण्याचें ओझेंहि त्याबरोबर आलेंच. अल्पाइन वितरण ओपनआरसीवर व व्हॉइड वितरण रनिटावर समाधानानें चालतें. त्यांनीं एकच इनिट निवडला असल्यानें त्यांचें ओझें हलकें आहे. उलट बाजूनें, जुन्या धर्तीच्या स्क्रिप्टा चालवून घेण्याची जी सोय सिस्टम-डीनें इतकीं वर्षें ठेविली होती, ती यापुढें काढून टाकण्यांत येईल, असें त्याच्या कर्त्यांनीं २०२३ सालीं जाहीर केलें.

हा सर्व तज्ज्ञांचा घरगुती कलह आहे, आपल्यास त्याचें काय, असें कोणी म्हणेल. त्यास मार्च २०२४ मधील प्रसंग सांगावासा वाटतो. दुरून संगणकांत प्रवेश देणारा ओपनएसएसएच हा प्रोग्रॅम जगांतील असंख्य यंत्रांचा दरवान आहे. ‘मी उठलों, तयार आहें’ एवढी वर्दी त्यानें सिस्टम-डीस द्यावी, म्हणून डेबियन, फेडोरा इत्यादि वितरणांनीं त्यांत एक जोड दिली होती. ती वर्दी थोड्या ओळींत स्वतंत्रपणें देतां येते. परंतु सोयीसाठीं सिस्टम-डीचें तयार ग्रंथालय जोडण्यांत आलें. त्या ग्रंथालयास माहिती दाबून लहान करणारें दुसरें एक ग्रंथालय लागे. तें दुसरें ग्रंथालय एक्सझेड नांवाच्या लहानशा पॅकेजांतील. आणि त्याच्या कामांत कोणी एक अज्ञात व्यक्ति खोटें नांव घेऊन दोन वर्षांहून अधिक काळ मदतनीस म्हणून वावरली होती. तिनें नव्या आवृत्तींत चोरदरवाजा बसविला. मायक्रोसॉफ्टमधील आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास आपल्या यंत्रावर प्रवेशास सुमारें अर्धा सेकंद उशीर होतो असें जाणवलें. त्यानें चिकाटीनें कारण शोधिलें, आणि २९ मार्च रोजीं तें जगापुढें मांडिलें. बहुतेक पक्क्या आवृत्त्यांपर्यंत तें विष पोंचण्यापूर्वींच थोपविलें गेलें. येथें सिस्टम-डीच्या कर्त्यांवर दोष ठेवणें अन्यायाचें होईल. त्यांनीं त्याच वर्षीं तें अवलंबन सैल केलें, आणि ओपनएसएसएचच्या कर्त्यांनींहि ती वर्दी स्वतःच्या थोड्या ओळींत देण्यास आरंभ केला. परंतु दरवानाचा व त्या गाठोडें बांधणाऱ्याचा संबंध आहे, हें कितीजणांस ठाऊक होतें? अवलंबन वाईट नसतें. न दिसणारें अवलंबन घातक असतें.

आतां न्याय काय करावा? बहुमतानें सिस्टम-डी निवडला तें अविचारानें निवडला असें मला वाटत नाहीं. त्याच्यायोगें श्रम वांचले, क्रमाचें ज्ञान क्रमांकांच्या अंधारांतून उजेडांत आलें, आणि तें सर्वांस एका भाषेंत वाचतां येऊं लागलें. पण जे विरोधांत उभे राहिले त्यांस निव्वळ हेकट म्हणणेंहि खरें नव्हे. एकच मार्ग उरला म्हणजे तो चुकीचा ठरल्यास परतावें कोठें, हा त्यांचा प्रश्न होता. आणि ज्यांनीं तो प्रश्न विचारून न थांबतां पुढें दहा वर्षें स्क्रिप्टा लिहिल्या, त्यांनींच तो जिवंत ठेविला. मतदानानें निवडीचा हक्क दिला किंवा काढून घेतला असें या इतिहासांत कोठेंच दिसत नाहीं. २०१४ सालीं ठराव झाला नाहीं, म्हणून हक्क गेला नाहीं; २०१९ सालीं जागा राखून ठेविली, म्हणून तो आपोआप टिकलाहि नाहीं. जेथें कोणी रोज बसून एकेका पॅकेजची यादी तपासली व एकेक स्क्रिप्ट चालवून पाहिली, तेथें तो टिकला; जेथें तो माणूस उठून गेला, तेथें तो निमूटपणें नाहींसा झाला. आपल्याकडील वाचनालयें, व्याख्यानमाला आणि मासिकें यांच्या चालकांस हें निराळें सांगावयास नको.

आमच्या संगणकाची हकीकत राहिली. विद्यार्थ्यानें सांगितलें कीं, सिस्टम-डी घेतल्यास तयार टिपण मिळेल आणि प्रश्न मिटेल. जुना इनिट ठेवावयाचा तर स्क्रिप्ट आपण लिहिली पाहिजे. त्याचें मन जुन्याकडे होतें. त्यानें तेथेंच बसून तीस-चाळीस ओळी लिहिल्या, दोनदां यंत्र बंद करून चालू केलें, आणि त्या रात्रीं नक्कल जागेवर पोंचली. जातांना तो म्हणाला, “सर, पुढच्या आवृत्तीच्या वेळीं ही पुन्हां तपासावी लागेल.”

“आणि तूं येथें नसलास तर?” मीं विचारलें.

तो हंसला, पण त्याच्याजवळ उत्तर नव्हतें. पुढच्या शनिवारीं तो पुन्हां आला, आणि दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलांस त्या यंत्रासमोर बसवून ती स्क्रिप्ट त्यानें त्यांजकडून पहिल्या ओळीपासून स्वतंत्रपणें लिहवून घेतली. मीहि मागच्या बाकावर बसून ऐकत होतों.